मागचा शॉकअप: एका जुन्या भांडणाचा इतिहास

‘हार्डटेल’ हा शब्द तसा नवा आहे. सायकल मात्र जुनी. पुढे शॉकअप, मागे कडक सांगाडा, अशा सायकलीला आज हार्डटेल म्हणतात. पण मागे शॉकअप असलेली सायकल बाजारात आली नसती, तर हा शब्द जन्मालाच आला नसता. मोबाईल आल्यावर घरातल्या फोनला ‘लँडलाइन’ म्हणायला लागलो, तसंच हे. तोवर तो नुसता फोन होता आणि ही नुसती सायकल.

शिरोली एमआयडीसीत कामाला असलेला, चार पैसे गाठीला बांधून पहिली चांगली एमटीबी घ्यायला निघालेला तरुण आज याच प्रश्नापाशी अडतो. हार्डटेल घ्यायची की फुल-सस्पेन्शन? इन्स्टावर सगळे डबल शॉकअपवर दगडांवरून उड्या मारताना दिसतात. खिशात मात्र दोन-तीन पगारांचा हिशोब असतो. हा प्रश्न कालपरवाचा वाटतो, पण त्याला जवळपास एकशे चाळीस वर्षं झाली आहेत. आणि त्याच्या इतिहासातला एक धागा थेट आपल्या भागातून जातो.

सुरुवात १८८५ पासून करू. तेव्हा सायकलीला भरीव रबराच्या धावा असत. दगडी रस्त्यावर अंगातली हाडं वाजायची. त्या वर्षी इंग्लंडमध्ये लिन्ली अँड बिग्ज यांनी ‘व्हिपेट’ नावाची सायकल काढली. तिच्या सांगाड्यात स्प्रिंगा होत्या. चाकं हादरली तरी सीट, हँडल आणि पायडल यांच्यातलं अंतर जवळपास कायम राहायचं. म्हणजे आजच्या भाषेत फुल-सस्पेन्शनच. रेंजर सायकलींच्या शंभर वर्षं आधी!

मग ती गेली कुठे? तिला हवेनं मारलं. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेला टायर बनवला. (रॉबर्ट थॉमसन यांनी त्याआधी चार दशकं ही कल्पना मांडली होती, पण तेव्हा सायकलच नव्हती.) हवेचा टायर हलका, स्वस्त, आणि वर वेगवानही. स्प्रिंगांचा पसारा एकदम निरुपयोगी वाटू लागला. या भांडणाचा पहिला डाव हवेनं जिंकला.

नेमकं १८८८ हेच वर्ष किर्लोस्कर समूह आपल्या आरंभाचं वर्ष मानतो. आणि तो आरंभ झाला बेळगावातल्या सायकलच्या दुकानानं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईहून सायकली पाठवत, थोरले बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकत. सायकलीमागून कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते, असं म्हणून शेतकऱ्यांनी आधी तो नाकारला. पुढे त्याच नांगरानं धंदा उभा केला. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात बिडाची टंचाई झाली, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले.

या पट्ट्यातली ओतकामाची परंपरा अशी वाढत गेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी ऑइल इंजिनं घडवली, उसाच्या मळ्यांना पाणी दिलं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे पंचगंगेपलीकडे, पुणे-बेंगळुरू महामार्गालगत शिरोलीत फौंड्र्या आणि मशीन शॉप उभी राहिली. इथून ट्रक-ट्रॅक्टरचे सुटे भाग जातात. सायकल मात्र इथे परत आली नाही. स्वातंत्र्यानंतर सायकलीचे मोठे कारखाने मद्रासला, सोनिपतला, लुधियानाला गेले. सायकलीच्या दुकानातून उगवलेला हा पट्टा बाकी सगळं बनवत राहिला.

त्या कारखान्यांच्या काळ्या सायकलींवर आपल्या आजोबांनी दुधाच्या किटल्या वाहिल्या, उसाच्या वाड्याचे भारे आणले, पाळ्या गाठल्या. तिला शॉकअप नव्हता, असं म्हणवत नाही. मोठी २८ इंची चाकं, पुढे वाकवलेला लांब चिमटा आणि कातडी सीटखालच्या जाड स्प्रिंगा, हेच तिचं सस्पेन्शन. शिवाय बिघाड झाला तर गावातला मेस्त्री दोन पान्यांत उघडून छर्रे बदलून द्यायचा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा डाव सुरू झाला कॅलिफोर्नियात. १९७० च्या दशकात मरीन परगण्यातली काही पोरं जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली डोंगरावर न्यायची आणि मातीच्या रस्त्यानं खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली रीतसर शर्यत लावली. नाव ‘रीपॅक’. उतारावर मागचा ब्रेक इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे, म्हणून रीपॅक. माउंटन बाइकच्या पहिल्या शर्यतीचं नावच मेंटेनन्सवरून पडलंय, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

१९७७ मध्ये जो ब्रीझनं खास या कामासाठी सांगाडा बनवला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टंपजंपर’ आली आणि ही सायकल दुकानांत पोहोचली. या सगळ्या पुढून-मागून कडक होत्या. झटके झेलायचे ते जाड टायरनं आणि माणसाच्या गुडघ्या-कोपरांनी.

१९८९ मध्ये मोटोक्रॉसचा अनुभव असलेल्या पॉल टर्नर यांनी रॉकशॉक्स काढली. त्यांच्या चिमट्यात हवा होती आणि तेलही. दुसऱ्याच वर्षी कोलोरॅडोतल्या ड्युरँगोमध्ये जागतिक स्पर्धेची पहिली डाउनहिल शर्यत ग्रेग हर्बोल्डनं त्याच चिमट्यावर जिंकली. पुढचा शॉकअप असा पक्का झाला.

मागचं कोडं अवघड होतं. पायडल मारताना साखळी ओढली जाते, अंगाचं वजन वरखाली होतं आणि सायकल घोड्यासारखी डुलते. आपली ताकद चाकाऐवजी स्प्रिंगेत जाते. हॉर्स्ट लाइटनर या ऑस्ट्रियन मोटोक्रॉसवाल्यानं १९९० च्या दशकात चार दुव्यांच्या रचनेत मागच्या सांध्याची जागा बदलून यावर एक उत्तर काढलं. पुढे झडपा सुधारल्या, चढावर शॉकअप आवळून टाकणारी कळ आली. तरी ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची क्रॉस-कंट्री शर्यत १९९६ पासून २००८ पर्यंत हार्डटेलवाल्यांनीच जिंकली.

मग १२ ऑगस्ट २०१२ उजाडला. लंडन ऑलिम्पिक. दीड तासाच्या शर्यतीनंतर शेवटच्या वळणावर दोघं एकत्र. स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर हार्डटेलवर, चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी फुल-सस्पेन्शनवर. कुल्हावी जिंकला, एका सेकंदानं. तिसऱ्या आलेल्या इटलीच्या मार्को फोंतानाची तर सीटच शेवटी निखळली, उरलेलं अंतर त्यानं उभ्यानं मारलं. चार वर्षांनी रिओत शुर्टरनं सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्याच्या सायकलीलाही मागे शॉकअप होता.

म्हणजे निकाल लागला? शर्यतीपुरता, बऱ्याच अंशी. पण शुर्टरच्या मागे मेकॅनिकांची फौज असायची. तुमच्यामागे कोण आहे?

आता आपल्याकडे या. बाजारात स्वस्तातली ‘डबल शॉकर’ सायकल दिसते. दिसायला नाद खुळा. पण तिच्या शॉकअपमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग असते, तेल नसतं. स्प्रिंग झटका साठवते आणि तसाच परत फेकते. चांगल्या शॉकअपमध्ये तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, त्यात झटक्याची ताकद उष्णता होऊन विरते. ऑफिसच्या दाराला डोअर क्लोजर असतो ना, दार आपटू न देणारा? तेच तत्त्व. तेल नसलेला शॉकअप म्हणजे डोअर क्लोजरऐवजी नुसती स्प्रिंग लावलेलं दार. वर लोखंडाचं वजन, आणि थोड्याच दिवसांत खिळखिळे होणारे सांधे. ही व्हिपेटची नात नव्हे, तिचं सोंग आहे. तेवढ्याच पैशांत साधी कडक सायकल हजार पटीनं बरी.

खऱ्या फुल-सस्पेन्शनची किंमत बहुतेक लाखाच्या पुढेच जाते. आणि खर्च तिथे संपत नाही. मागच्या सांध्यांत आठ-दहा छोटी बेअरिंगं असतात. ६९०२ सारखी मापं शिरोलीतल्या कुठल्याही बेअरिंगवाल्याला पाठ असतील: आतून १५, बाहेरून २८, रुंदी ७ मिलीमीटर. पण शॉकअपची सीलं, तेल आणि हत्यारं तशी सहज मिळत नाहीत. रॉकशॉक्ससारख्या कंपन्या दर ५० तासांच्या वापरानंतर सर्व्हिसिंग सांगतात. दर रविवारी चार तास धराल, तर तीन महिन्यांत पहिली पाळी येते. त्यात आपला पावसाळा, उसाच्या रानातला चिकट काळा चिखल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं शिरोलीजवळ महामार्गच दिवसच्या दिवस बंद पाडला होता. असं गाळाचं पाणी बेअरिंगमध्ये शिरलं की काय होतं, हे मशीन शॉपमधल्या माणसाला मी सांगायला नको.

जमीनही बघा. आठवडाभर सर्व्हिस रोडनं कामावर जायचं, रविवारी जोतिबा किंवा पन्हाळ्याचा घाट चढायचा, अधूनमधून मसाई पठारावर. यातला बहुतेक रस्ता डांबरी आणि चढाचा. तिथे मागचा शॉकअप म्हणजे फुकटचं ओझं. पठारावरच्या खडकाळ वाटेला २९ इंची चाकं, रुंद ट्यूबलेस टायर, कमी ठेवलेली हवा आणि पुढे १०० ते १२० मिलीमीटर चालीचा, तेलाचा चिमटा पुरतो. म्हणजे अर्धं काम पुन्हा डनलॉपची हवाच करते. (आणि फुलांच्या दिवसांत चाक वाटेवरच ठेवा, फुलांवर नको.)

फुल-सस्पेन्शन कुणी घ्यावी? जो दर आठवड्याला दगडी उतार मुद्दाम शोधतो, ज्याच्या कंबरेनं किंवा पाठीनं हार्डटेलला नकार दिलाय, किंवा ज्याला शर्यतीत उतरायचंय. त्यानं जरूर घ्यावी, कर्ज न काढता. बाकीच्यांनी तोच पैसा चांगल्या चिमट्यात, हायड्रॉलिक ब्रेकमध्ये आणि टायरमध्ये घालावा.

दुकानात दोन गोष्टी तपासा. चिमट्याला परतीचा वेग बदलायची कळ आहे का, बहुधा तळाशी लाल रंगाची असते. ती फिरवून चिमटा दाबल्यावर फरक पडला, तर आत तेलाचं काम चालू आहे. दुसरं, सायकलीवर बसल्यावर चिमटा त्याच्या एकूण चालीच्या साधारण १५ ते २० टक्के दबायला हवा. हवेचा चिमटा असेल तर तो तुमच्या वजनाप्रमाणे जुळवता येतो.

आणि तिसरा प्रश्न दुकानदाराला विचारा: ही उघडणार कोण? काळ्या सायकलीच्या काळात याचं उत्तर प्रत्येक गावात होतं. ज्या पट्ट्यानं तोफांचे नांगर केले, तिथल्या पोरांना एक चिमटा उघडून तेल बदलणं जड नाही. कुणी त्याचं छोटं वर्कशॉप टाकलं, तर आपल्याकडे मागचा शॉकअप घ्यायचा की नाही, या प्रश्नाचं उत्तरच बदलून जाईल.