कुदापूरचे कुरण

यशवंतपुरातील आम्हा मराठी मंडळींना टाटांची विज्ञानसंस्था म्हणजे शेजार. म्हैसूर दरबाराने तिला 371 एकर जमीन दिली आणि 1909 साली संस्था स्थापन झाली, हे आम्ही गावाकडच्या पाहुण्यांना अभिमानाने सांगत आलो. शताब्दीच्या सुमारास, 2009 मध्ये, याच संस्थेला चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ कुदापूर येथे आणखी 1,500 एकर मिळाले. दप्तरी ही जमीन सरकारी. वस्तुतः ते अमृतमहाल कावल, म्हणजे म्हैसूरच्या राजांनी गुरांसाठी राखलेले कुरण. चिक्कदेवराजांच्या काळी या खात्यास 'बेण्णे चावडी', अर्थात लोण्याची कचेरी, म्हणत. अमृतमहाल हे नाव टिपूचे, आणि त्याच्या तोफा ओढल्या त्या याच बैलांनी. आसपासच्या गावांची गुरेमेंढरे या कुरणांवर जगत आली. या मुलुखातील म्यासनायक ही अनुसूचित जमात देवाची गुरे पाळते. त्यांच्या राखणदारास 'किलारी' म्हणतात. आपल्या 'खिल्लारी'चा हा सख्खा भाऊच वाटावा! शब्द ऐकताच आमचे कान टवकारले.

कुंपणाच्या भिंती उठल्या, तेव्हा आपणांस कोणी विचारलेच नाही अशी तक्रार गावकऱ्यांनी केली. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. संस्थेने तेथे शिक्षकांचे प्रशिक्षण चालविले, त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु विद्यापीठाचा आराखडा काढावयाचा तर पहिल्या बैठकीस स्थापत्यविशारदाशेजारी किलाऱ्यालाही बसवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुरांची वाट कोणती, उन्हाळ्यात पाणी कोठे टिकते, देवाच्या बैलाची समाधी कोठे आहे, हे त्याला ठाऊक असते.