पापडांची गोष्ट आणि शिष्यवृत्तीचा प्रश्न

बाबासाहेब लंडनमध्ये पापड खाऊन शिकले, हे आपण दरवर्षी जयंतीच्या भाषणात ऐकतो. टाळ्या पडतात, वक्ता पुढे जातो. आम्हाला मात्र इथेच थांबावेसे वाटते.

१९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले तेव्हा बडोद्याची शिष्यवृत्ती संपलेली होती. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्यावर भागवायचे होते. त्यांचा आहार चरित्रकार धनंजय कीरांनी नोंदवला आहे. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा आणि चहा. दुपारी बहुधा काहीच नाही, कारण ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातून उठले तर वेळ जाणार आणि पैसाही. रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने दिलेले पापड भाजायचे. इकडे मुंबईत रमाईही ओढगस्तीत संसार रेटत होती. भाषणात ती बहुतेक वेळा राहूनच जाते.

पण हेच बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर काय करतात? ‘माझ्यासारखे उपाशी राहून शिका’ असे पोरांना सांगत नाहीत. त्याच वर्षी ते अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला देतात आणि उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागतात. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

आज तिचा हप्ता अडकतो, मेसवाल्याची उधारी वाढते आणि पोरे वडापाववर दिवस काढतात. अशा वेळी कुणी पापडांची गोष्ट ऐकवून गप्प बसायला सांगितले, तर त्याच्या हातात ते १९४२ चे निवेदन ठेवा.