इंटरनेट पत्ते, स्वतंत्र
सेवा पुरविणारी कंपनी बदलली, तरी संस्थेकडेच राहणारा इंटरनेटवरील अंकांकित पत्त्यांचा गट. एरवी हे पत्ते कंपनीच्या मोठ्या गटातून उसने मिळतात व कंपनी सोडताना परत करावे लागतात. डाकेचा पिन (१९७२) स्थळाशी निगडित असतो, उदा., ४३१७०२ म्हणजे कळमनुरी, मग पत्र कोणीही वाहून नेवो. इंटरनेटचा पत्ता मात्र गावाशी नव्हे, वाहून नेणाऱ्या जाळ्याशी बांधलेला असतो. कळमनुरीतील एखाद्या महाविद्यालयाने कंपनी बदलल्यास इमारत तीच राहूनही त्याच्या सर्व्हरांचे पत्ते बदलतात.

प्रारंभी मागणाऱ्या संस्थेस पत्ते थेट मिळत. गट सुमारे १ कोटी ६७ लाख, ६५,५३६ व २५६ अशा तीनच आकारांचे असल्याने अपव्यय फार झाला. त्याहून गंभीर अडचण मार्ग ठरविणाऱ्या राउटर यंत्रांची होती. प्रत्येक स्वतंत्र गटाची नोंद जगातील सर्व प्रमुख राउटरांत ठेवावी लागते. १९९३ मध्ये गटांचे ठराविक आकार रद्द झाले आणि एका कंपनीच्या हजारो ग्राहकांची मिळून एकच नोंद करणे शक्य झाले. पत्त्यांची मालकी सोडून उसनवारी स्वीकारावी, असे प्रतिपादन याकोव्ह रेक्टर व टोनी ली यांनी १९९६ मध्ये केले. उसना पत्ता ग्राहकाला कंपनीच्या दावणीला बांधतो, तसेच दोन कंपन्यांकडून जोडणी घेणाऱ्यास तो गैरसोयीचा ठरतो, हा विरोधकांचा आक्षेप. दोन्ही बाजूंत तथ्य होते. स्वातंत्र्याचा लाभ एका संस्थेला आणि नोंदीचा भार सर्वांवर, हे वादाचे खरे मूळ होय.

१२८ बिटांच्या नव्या प्रणालीत पत्त्यांची टंचाई उरली नाही. राउटरांवरील भार मात्र राहिला. म्हणून तीतही स्वतंत्र पत्ते आरंभी नाकारले गेले. दीर्घ चर्चेनंतर उत्तर अमेरिकेच्या नोंदणीसंस्थेने २००६ मध्ये व यूरोपच्या संस्थेने २००९ मध्ये ते मान्य केले. भीती अनाठायी नव्हती : ऑगस्ट २०१४ मध्ये नोंदी पाच लाखांपलीकडे जाताच अनेक जुने राउटर कोलमडले.

भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. २०१२ पासून ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’ ह्या संस्थेची नोंदणी शाखा देशातील संस्थांना थेट पत्ते देते. तथापि जुन्या ३२ बिटांच्या प्रणालीतील पत्ते आशिया-पॅसिफिक विभागात २०११ मध्येच संपत आले होते. २०१९ मध्ये नव्या सभासदासाठी ५१२ पत्त्यांची कमाल मर्यादा आली. शुल्क आणि जाणकार तंत्रज्ञ परवडत नसल्याने लहान संस्था आतील यंत्रांना खाजगी क्रमांक देऊन एका उसन्या पत्त्यावरच काम भागवितात.