अंधाराचा कडा : ‘सिंहगड’ पडद्यावर येताना

शिवनेरीच्या परिसरात, पेठ-मंचर-जुन्नरच्या मुलखात, तानाजीची गोष्ट कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. ४ फेब्रुवारी १६७०ची ती रात्र, कोंढाण्याचा कडा आणि उदेभानाशी झालेली झुंज पिढ्यान्‌पिढ्या पोवाड्यांतून ऐकली गेली. ती डोळ्यांना दिसावी म्हणून मात्र कोल्हापूरच्या कारागिरांना निराळाच कडा चढावा लागला. तो होता अंधाराचा.

मूकपटाच्या काळात आपल्याकडे चित्रण सूर्यप्रकाशावर चाले. रात्रीचा प्रसंगही दिवसाच चित्रित करायचा आणि फितीला निळी छटा द्यायची, अशी सोय होती. बाबूराव पेंटरांनी ह. ना. आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून ‘सिंहगड’ (१९२३) करायला घेतला, तेव्हा ही सोय अपुरी पडली. कारण कथेचा प्राणच काळोखात होता. त्यांनी विजेचे आर्क दिवे लावून लढाई चित्रित केली. भारतीय चित्रपटातील कृत्रिम प्रकाशाची सुरुवात येथूनच मानली जाते.

हे धाडस आकस्मिक नव्हते. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ साली कॅमेराच स्वतः घडवला होता. वृद्ध शेलारमामांच्या भूमिकेत विशीतले व्ही. शांताराम उभे राहिले. एक वर्ष आधी, १९२२ साली, डग्लस फेअरबँक्सच्या ‘रॉबिन हूड’साठी हॉलिवूडमध्ये प्रचंड किल्ला उभारला गेला होता. तिकडे भांडवल होते, इकडे हातातले कसब.

‘सिंहगड’ला लोटलेली गर्दी पाहून सरकारला करमणूक कर सुचला, असे सांगतात. मुंबई इलाख्यात तो कायदा १९२३ सालीच आला, हे खरे. पण कायद्यामागे एकच चित्रपट असेल, हे पटत नाही. सरकारची नजर या चित्रपटांवर होती, याचा पक्का पुरावा पुढे मिळतो. १९३० साली प्रभातचा ‘स्वराज्याचे तोरण’ तयार झाला. शिवाजी महाराजांची भूमिका आणि दिग्दर्शन दोन्ही शांतारामांचे. ‘स्वराज्य’ हा शब्द सेन्सॉरला खुपला आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने झळकला. पडद्यावरच्या तलवारीपेक्षा पाटीवरचा शब्द अधिक धारदार ठरला.

‘रॉबिन हूड’ आजही पाहता येतो. ‘सिंहगड’ची फीत मात्र उरलेली नाही. ज्या लढाईसाठी पहिल्यांदा दिवे लागले, ती पुन्हा अंधारात गेली.