रोजच्याच गाडीने शर्यत? आधी ब्रेक, इंजिन शेवटी

प्रतिनिधी, बुलडाणा

मोटारींच्या शर्यती हा केवळ धनिकांचा आणि महानगरांचा छंद, ही समजूत आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. सोमवार ते शनिवार कार्यालयात नेणारी, सणावाराला शेगावची वारी घडवणारी गाडीच हौशी स्पर्धेत उतरवता येते आणि तशी ती उतरवलीही जाते. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीपासून भारतीय मोटारशर्यतींचा इतिहास पाहिला, तर त्यात घरगुती गाड्यांचाच भरणा अधिक दिसतो. 'मारुती ८००' आणि 'एस्टीम' यांनी या देशातील कितीतरी चालकांना शर्यतीची पहिली ओळख करून दिली. मात्र गाडीत नेमके काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, हे ठरवताना नवख्यांचा गोंधळ उडतो. पैसा चुकीच्या जागी जातो आणि कधीकधी गाडी रस्त्यावर चालवण्यासही अपात्र ठरते.

बुलडाणा जिल्ह्यातील वाहनप्रेमींसाठी या निर्णयाला आणखी एक पदर आहे, तो अंतराचा. १९९० मध्ये सुरू झालेला चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅक, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि २०११ मध्ये फॉर्म्युला वनचे यजमानपद भूषविलेला ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हे तिन्ही येथून हजार किलोमीटर किंवा त्याहून दूर आहेत. ऑटोक्रॉस आणि रॅलीच्या स्पर्धा नाशिक-पुणे परिसरात भरत आल्या असल्या, तरी पुणेही जवळपास चारशे किलोमीटरवर. म्हणजे ज्या गाडीने स्पर्धा करायची, तिनेच तेथवर जायचे आणि तिनेच घरी परतायचे. गाडी ट्रकवर लादून नेण्याची ऐपत असलेल्यांचा हिशेब वेगळा; इतरांनी प्रत्येक बदल या परतीच्या प्रवासाच्या कसोटीवर तपासलेला बरा.

स्पर्धा आधी, सुटे भाग नंतर

गाडीला पाना लावण्यापूर्वी स्पर्धेचा प्रकार निश्चित केला पाहिजे. ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या मैदानावर शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. आपल्याकडे हे मैदान बहुधा मातीचे असते. सारा खेळ पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये चालतो. त्यामुळे तेथे इंजिनाच्या ताकदीपेक्षा टायरची पकड, स्टिअरिंगचा नेमकेपणा आणि इंजिनाखालचा ऑइल चेंबर वाचवणारी जाड पत्र्याची प्लेट अधिक उपयोगी पडते. डांबरी सर्किटवर फेरीमागून फेरी मारायची तर पहिला ताण ब्रेकवर येतो. सरळ धावपट्टीवरील ड्रॅग शर्यत, जशी आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरली, तो मात्र इंजिनाचा खेळ. तिन्हींसाठी एकच गाडी तयार करू पाहणाऱ्याच्या हाती तिन्हींपैकी एकही नीट लागत नाही.

दुसरी गोष्ट नियमपुस्तिकेची. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही देशातील मोटार क्रीडेची मान्यताप्राप्त संघटना असून तिच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धांसाठी चालकाकडे तिचा स्पर्धा परवाना लागतो. गट सामान्यतः इंजिनाच्या क्षमतेनुसार आणि गाडीत बदल केले आहेत की नाहीत यावरून पडतात. येथेच अनेकांची गफलत होते. हौसेने बसवलेला एखादा भाग गाडीला बदल केलेल्या गाड्यांच्या गटात ढकलतो आणि तेथे गाठ पडते ती केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या, आतून सोललेल्या गाड्यांशी. पहिल्या वर्षी गाडी कंपनीतून आली तशीच ठेवून त्या गटात उतरणे शहाणपणाचे, स्वस्त तर आहेच.

खर्चाचा क्रम

वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी १२० किलोमीटरवरून थांबताना ब्रेकना ६० च्या तुलनेत चौपट उष्णता पचवावी लागते आणि सर्किटवर हे दर एक-दोन मिनिटांनी घडते. ज्याला गॅरेजमध्ये सर्रास ब्रेक ऑइल म्हणतात, तो द्रव हवेतील ओलावा शोषतो. 'डॉट ४' प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. पाणी मुरलेल्या द्रवासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. दोन-तीन पावसाळे पाहिलेले ब्रेक ऑइल घेऊन ट्रॅकवर उतरणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. ते बदलण्याचा खर्च किरकोळ, तरीही यादीत ते बहुधा अखेरीस असते. त्याच्या जोडीला अधिक उष्णता सोसणारे पुढचे ब्रेक पॅड घ्यावेत. मात्र निव्वळ शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, हे सकाळी शाळेच्या फाटकापुढे कळणे परवडणारे नाही.

ब्रेकनंतर टायर. टायरच्या कडेवर छापलेल्या चार अंकांतील पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि पकड सोडते. मूळ मापाचेच, पण उत्तम प्रतीचे चार टायर, अचूक अलाइनमेंट आणि योग्य हवा एवढ्यावर घड्याळात जो फरक पडतो, तो महागड्या एक्झॉस्टने पडत नाही. आवाज तेवढा वाढतो!

सस्पेन्शनबाबत हात आखडता घ्यावा. शॉक-अ‍ॅब्सॉर्बर थकले असतील तर नवे बसवावेत. परंतु गाडी खाली बसवून कडक स्प्रिंग टाकल्यावर तिने जिल्ह्यातील गतिरोधकांचे आणि खड्ड्यांचे काय करायचे, याचा विचार आधी व्हावा. इंजिनाची पाळी सर्वांत शेवटी. टर्बो इंजिनात संगणकीय प्रणाली बदलून ताकद वाढते हे खरे. साध्या पेट्रोल इंजिनात मात्र ती फारशी वाढत नाही. वॉरंटी धोक्यात येते आणि विदर्भातील उन्हाळ्यात इंजिन आधीच तापलेले असते.

रोजच्या गाडीत लोखंडी रोल केज बसवण्याचा मोह विशेषत्वाने टाळावा. शर्यतीत तो प्राण वाचवतो, कारण चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असते. बाजारात निघालेल्या कुटुंबाच्या डोक्यावर ते नसते आणि किरकोळ धडकेतही डोके त्याच नळीवर आपटू शकते.

कायदा आणि विमा

एम.एच. २८ ची पाटी लावून रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायदा चोवीस तास लागू असतो. नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२ च्या आधारे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अनधिकृत फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्हींची तरतूद झाली. ब्रेक पॅड, मूळ मापाचे टायर, ब्रेक ऑइल यांना या कलमाची भीती नाही, हाही वरील क्रमाचा एक फायदाच.

विम्याची अट तर बहुतेकांनी वाचलेलीच नसते. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी आणि विश्वसनीयता चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी उलटली तर दुरुस्ती खिशातून करावी लागेल, असे गृहीत धरावे. कर्जाचे हप्ते चालू असलेली एकुलती एक गाडी त्यासाठी पणाला लावायची काय, हा प्रश्न टायरच्या मापाआधी घरात चर्चिला गेला पाहिजे.

सरावाचे काय? बोथा आणि राजूर घाटांची वळणे आणि समृद्धी महामार्गाचा सरळ काँक्रीट पट्टा अनेकांना खुणावतो. परंतु समृद्धीवर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि याच मार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुट्याजवळ १ जुलै २०२३ च्या पहाटे खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. बोथा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. तेथे वळणापलीकडे काय उभे असेल, याचा नेम नाही. शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक रस्त्यावर शर्यत अथवा वेगचाचणी हा कलम १८९ खाली गुन्हा असून पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

स्पर्धेच्या दिवशी डिकीतील जॅक, पाने, स्टेपनी बाहेर काढून ठेवली की वजन फुकटात घटते. परतताना ती आठवणीने आत टाकावीत. फेऱ्या संपताच तापलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढू नये. ती गियरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावा. मग चाकांचे नट आवळून, पॅडची जाडी आणि टायरच्या कडा पाहून, हवा पुन्हा रस्त्याच्या मापावर आणून निघावे. पेडल जरासेही मऊ लागले तर मुक्काम करून सकाळी ब्रेक ऑइल बदलूनच घराकडे वळावे.