अर्धशिशी आणि वृद्धांचा रोहिणीशोथ : एका नावाचा इतिहास

पेण व रोहा या तालुक्यांत एखाद्या वृद्धेचे कानशील ठणकू लागले म्हणजे त्या दुखण्यास 'अर्धशिशी' हे नाव मिळण्याचा संभव अधिक. 'अर्ध' व 'शीर्ष' यांपासून आलेला हा शब्द दुखण्याची जागा सांगतो. कारण सांगत नाही, आणि रोग्याचे वय तर त्यात मुळीच येत नाही. जायंट सेल आर्टेरायटिस या रोहिणीशोथात मात्र वय हेच पहिले लक्षण होय. पन्नाशीच्या आत तो जवळजवळ आढळत नाही, सत्तरीनंतर बळावतो.

सुश्रुताच्या उत्तरतंत्रात 'अनंतवात' नावाचा शिरोरोग आहे. मानेत उठलेली वेदना डोळा, भुवई व शंखप्रदेश येथे स्थिरावते, हनुग्रह होतो, नेत्ररोग उद्भवतात. हे वर्णन वाचून रोहिणीशोथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि दोहोंचे ऐक्य मानणे धाडसाचे ठरेल. सुश्रुत वयाचा निर्देश करीत नाही. शिवाय हनुग्रह म्हणजे जबड्याचा ताठरपणा, तर या रोगात चावताना जबडा दुखतो व थांबल्यावर ते दुखणे शमते. बगदादचा नेत्रवैद्य अली इब्न ईसा याने सुमारे हजार वर्षांपूर्वी कानशिलाच्या रोहिणीचा व दृष्टिनाशाचा संबंध सुचविला होता.

१८९० मध्ये जोनाथन हचिन्सन याने ऐंशी उलटलेल्या एका गृहस्थाचे वर्णन केले. त्याच्या कपाळाच्या बाजूंवर लाल, दुखऱ्या रेषा उमटल्या होत्या व त्यास टोपी घालवत नव्हती. (आपल्याकडे हेच लक्षण फणी लावताना किंवा उशीवर डोके टेकताना कळेल, वैद्याने प्रश्नही त्याच शब्दांत विचारला पाहिजे.) १९३२ मध्ये हॉर्टन व त्याच्या सहकाऱ्यांनी मेयो क्लिनिकमधून या रोगाचे स्वतंत्र रूप मांडले, १९४१ मध्ये गिल्मर याने रोहिणीच्या भित्तीतील प्रचंड पेशींवरून नाव दिले. अर्धशिशीच्या उलट, हे नाव सूक्ष्मदर्शकाखालचे आहे. रोग्याच्या वेदनेचा त्यात मागमूस नाही.

उपचाराचा खरा आरंभ १९५० च्या सुमारास, कॉर्टिसोनमुळे झाला. आज प्रेडनिसोलोन दररोज ४० ते ६० मिलिग्रॅम या मात्रेने सुरू करून पुढे महिनोन्‌महिने हळूहळू उतरवितात; दृष्टी जाऊ लागली असल्यास शिरेतून मोठी मात्रा देतात. २०१७ पासून अमेरिकेत टॉसिलिझुमॅबलाही मान्यता आहे. भारतात मधुमेह व दबलेला क्षय यांचा विचार आधी करावा लागतो, हे खरे. परंतु त्यापायी पहिली मात्रा लांबविता येत नाही.

भारतात हा रोग स्कँडिनेव्हियाच्या मानाने विरळ, म्हणून शंकाही विरळ येते. ईएसआर ही रक्ततपासणी साधी व स्वस्त आहे. रोहिणीचा तुकडा तपासण्यासाठी पेण-रोह्याच्या रोग्यास मोठ्या शहराची वाट धरावी लागली, तरी औषध आधी सुरू केल्याने त्या तपासणीचे फारसे बिघडत नाही. आठवडा-दोन आठवडे पुरावा रोहिणीत टिकून असतो. डोळा तितका थांबत नाही. एकाची दृष्टी गेल्यावर उपचारावाचून दुसरा काही दिवसांतच जाऊ शकतो, आणि गेलेली दृष्टी सहसा परतत नाही.