लोहित फॉन्ट : परवान्यातील बदल

रेड हॅट कंपनीने प्रसृत केलेली, मराठी व गुजरातीसह अनेक भारतीय भाषांसाठीची मुक्त फॉन्टमालिका. मूळ फॉन्ट मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने पुरवले. आरंभी त्यांना ग्नू जनरल पब्लिक लायसन्स (जीपीएल) लागू होते. सप्टेंबर 2011 मध्ये ते एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली (ओएफएल) आणले गेले.

जीपीएल (पहिली आवृत्ती 1989) प्रोग्रामसाठी घडवलेला परवाना आहे. सुधारित प्रत दुसऱ्याला देणाऱ्याने ती त्याच परवान्याने आणि मूळ संहितेसह द्यावी, ही त्याची मुख्य अट. फॉन्ट मात्र पीडीएफमध्ये समाविष्ट होऊन पुस्तकाचाच भाग बनतो. मग पुस्तकालाही जीपीएल लागू होतो काय? ही शंका मिटवायला परवान्याला वेगळी सवलत जोडावी लागे. ओएफएल 1.1 (2007) हा प्रश्न मुळातच सोडवतो : फॉन्ट वापरून केलेल्या दस्तऐवजाला परवान्याच्या अटी लागत नाहीत. फॉन्ट बदलता येतो. एखाद्या संपादकाला मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर ते घालता येतात. बदललेला फॉन्ट वाटताना ओएफएलच ठेवावा लागतो, राखीव नाव असल्यास ते वापरता येत नाही, आणि नुसता फॉन्ट विकता येत नाही.

मराठी आणि गुजराती दोन्ही भाषा नांदणाऱ्या वडोदऱ्यासारख्या शहरात या मोकळिकीचे मोल अधिक. तेथील सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या राज्यात 1931 साली निघालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ या कोशात मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी अशा आठ भाषांतील राज्यकारभाराचे शब्द एकत्र आहेत. असे काम आज करणाऱ्याला देवनागरी आणि गुजराती दोन्ही लिपींचे फॉन्ट एकाच परवान्याने मिळणे ही मोठी सोय आहे. शिवाय तयार पुस्तक कोणत्या अटींवर छापायचे व विकायचे, हे तो स्वतः ठरवू शकतो.

परवान्यात असा बदल करण्याचा अधिकार फक्त हक्कधारकांचा असतो. अनेकांचे हक्क असतील तर सर्वांची संमती लागते. बदल मागील तारखेने लागू होत नाही : जीपीएलखाली घेतलेल्या जुन्या प्रतीला जीपीएलच्याच अटी राहतात. म्हणून फॉन्ट वापरणाऱ्याने संकेतस्थळावरच्या ताज्या माहितीवर न विसंबता आपल्याजवळच्या प्रतीसोबत आलेली परवान्याची फाइल वाचावी.